उत्तरेचा उजेड

गिरणीची इमारत वाचायला छपरापासून सुरुवात करावी. मुंबईच्या गिरणगावात विणकाम खात्यांवर करवती छपरं असत. प्रत्येक दात्याची उतरती बाजू बंद, उभी बाजू काचेची आणि काचेचं तोंड उत्तरेला. दक्षिणेचं ऊन डोळे दिपवतं, खातं तापवतं. उत्तरेच्या आकाशाचा उजेड दिवसभर जवळपास सारखा राहतो. त्यात तुटलेला धागा चटकन दिसतो, रंगाची छटा फसवत नाही. शेकडो साच्यांच्या, म्हणजे लूमच्या, दालनाला भिंतीतल्या खिडक्या पुरणार नाहीत, मध्यभागी अंधारच राहील, हे ओळखून कुणीतरी उजेड थेट डोक्यावरून आणला. मला ही रचना राजवाड्याच्या घुमटाहून सुंदर वाटते.

तिच्यातली एक फटही पाहण्यासारखी आहे. हा प्रकार इंग्लंडातल्या गिरण्यांकडून आला. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. मुंबई 19 अक्षांशावर, मी राहतो ती सुरत 21 च्या किंचित वर. सुरतेत मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो. यातला बराचसा काळ पावसाळी ढगांखाली जातो म्हणून निभावतं. पण अशा छपराखाली उद्या माणसं राहायची असतील, तर याच दिवसांसाठी काचेवर सावली धरावी लागेल.

छपरानंतर हवा. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, ओलसर हवेत बळकट होतो. म्हणून विणकाम खात्यात पाण्याचा फवारा सोडून दमटपणा राखत. ती काळजी धाग्याची होती. कापसाच्या कणांनी भरलेल्या त्याच हवेनं कामगारांच्या छातीचं काय केलं, ते विसरून या वास्तूचं कौतुक करता येत नाही. तरीही अशा इमारतीत शेती करायची तर दमटपणा धरून ठेवणारं बंदिस्त दालन ही आज मोलाची गोष्ट आहे. ढिंगरी अळंबीला 80 ते 85 टक्के आर्द्रता लागते, उजेड अगदी बेताचा चालतो, आणि ती भाताच्या पेंढ्यावर वाढते तशी सूतगिरणीतून निघणाऱ्या टाकाऊ कापसावरही वाढते. गिरणीत ज्याला कचरा म्हणत, त्यावरच हे पीक येतं.

आता जमीन. लूमचे हादरे बसतात म्हणून विणकाम बहुधा तळमजल्यावर, कताईची यंत्रं वरच्या मजल्यांवर. त्या मजल्यांचे खांब आणि तुळया यंत्रांचं वजन पेलण्यासाठी घडवलेल्या. भाजीसाठी पाण्यानं भरलेल्या ट्रेंचे थर रचायचे तर घरगुती स्लॅबची चिंता वाटते; इथे इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली की निर्धास्तपणे भार देता येईल. ट्रेच हवेत, कारण रंग, तेल आणि रसायनं मुरलेल्या गिरणीच्या मातीत भाजी लावणं धोक्याचं.

इमारतीचा कठीण भाग तिची रुंदी हा आहे. घराच्या प्रत्येक खोलीला वारा आणि खिडकी हवी, आणि कताईचा मजला तर इतका रुंद की मधल्या भागात दिवसाही दिवा लागावा. जुन्या गिरणीत घरं होत नाहीत, ती पाडावीच लागते, असं म्हणणारे हाच मुद्दा पुढे करतात. मी तो उलटा वाचतो. घरं बाहेरच्या भिंतींना लागून घ्यावीत, आणि माणसाला नको असलेला मधला पट्टा शेतीला द्यावा. विणकाम खात्याच्या करवती छपराखाली मेथी, कोथिंबीर, पालक आणि रोपवाटिका; कताईच्या मजल्यांवरच्या अंधाऱ्या भागात अळंबी. कल्पना यापलीकडे ताणू नये. एलईडीखाली ज्वारी-गहू पिकवायचा म्हटलं तर विजेचं बिलच पीक खाऊन टाकेल. शिकागोत मांसप्रक्रियेचा बंद कारखाना 2010 मध्ये घेऊन ‘द प्लांट’ नावानं तिथे शेती आणि खाद्यउद्योग उभे केले, पण तिथे घरं नाहीत. व्हिएन्नात 1899 पर्यंत बांधलेल्या चार गॅसटाक्यांच्या विटांच्या कवचात 2001 पर्यंत शेकडो घरं झाली, तिथे शेती नाही. दोन्ही एका छपराखाली आणण्याची जागा मुंबईकडे होती.

मुंबईनं काय केलं, ते एका नियमात वाचावं. गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 नं गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे केले: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांना, एक मालकाला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटानं 1996 मध्ये लगतच्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र आणून सलग उद्यानं आणि घरं मांडण्याचा आराखडा दिला. मग 2001 ची दुरुस्ती आली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबाबाहेर गेली. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये हेच कायम केलं. याचा अर्थ नीट पाहिला की राग येतो. ज्या शेडखाली कामगारानं आयुष्य घातलं, तिचा विस्तार जितका मोठा तितका त्याचा वाटा लहान झाला. पुढे म्हाडाच्या सोडतीत काही कामगारांना 225 चौरस फुटांची घरं मिळाली. करवती छपरं मात्र पडली, किंवा मॉल आणि हॉटेलांच्या डोक्यावर शोभेला राहिली.

सुरतेच्या दिंडोलीत बसून हे लिहिताना मला हा इतिहास परका वाटत नाही. धुळे, नंदुरबार, जळगावहून ताप्तीकाठच्या रेल्वेनं आलेली कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि शेजारच्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात लूमचा खडखडाट आहे. जुने शटल लूम भंगारात जातात, त्यांच्या जागी वॉटरजेट लूम येतात, आणि ज्या मालकाला ते परवडत नाहीत त्याच्या खात्याचं शटर खाली येतं. ही इमारत वेगळी वाचावी लागते. तिला करवती छप्पर नाही. सपाट स्लॅब, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, उजेड फक्त पुढून आणि मागून. धागा पॉलिएस्टरचा, त्यामुळे अळंबीला लागणारा कापूसही इथे नाही. पेंढा आणावा लागेल. उजेडासाठी स्लॅब मधोमध कापून वाड्यासारखा चौक काढावा लागेल, आणि भरताची वांगी, ज्यांना कडक ऊन हवं, ती गच्चीवरच लावावी लागतील. पाण्याबद्दल मात्र हे शहर शिकलेलं आहे: बमरोलीत सांडपाणी शुद्ध करून ते 2014 पासून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना दिलं जातं. आतल्या शेतीतलं पाणी तर त्याच ट्रेमधून पुन्हा फिरवता येतं.

घरांबाबत एका गोष्टीवर तडजोड नको. 2017 मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातल्या आगीत 14 जण गेले. 2019 मध्ये सुरतेच्या सरथाण्यात तक्षशिला इमारतीच्या आगीत 22 जीव गेले, त्यांत बहुतेक शिकवणीला आलेली मुलं. खात्याला बहुधा एकच जिना असतो. तिथे घरं करायची तर दुसरा जिना आधी, भाजीचे ट्रे नंतर. आणि त्या जिन्यानं वर जाणाऱ्यांच्या यादीत पहिली नावं त्याच खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या केलेल्या कारागिरांची हवीत. जागेचा वापर बदलण्याची परवानगी देणाऱ्या कागदावर हे पहिल्या कलमात यावं, उरलेल्या जमिनीच्या वाटणीत नव्हे.