नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत नाव ठेवणे हे बारशाचं काम आणि नावे ठेवणे हे बारमाही. पहिल्याला आत्या लागते, दुसऱ्याला कुणीही चालतं. मी दुसऱ्या खात्यातला माणूस. त्यामुळे आमच्या करमाडच्या चार-पाच पोरांनी मला त्यांच्या कोशातली नावं तपासायला बोलावलं, तेव्हा योग्य कामाला योग्य माणूस मिळाल्याची दुर्मिळ घटना आमच्या गावी घडली असं माझं प्रामाणिक मत झालं.

कोश कसला, ते सांगायला हवं. गोष्टींच्या काही ठरलेल्या तऱ्हा असतात. राक्षसाचा जीव पोपटात असतो. सावत्र आई दुष्टच असते. लहानपणी हरवलेले भाऊ मोठेपणी एकमेकांना भेटतात, पण आधी मारामारी करतात. अशा प्रत्येक तऱ्हेला एक नाव द्यायचं आणि नावाखाली कथा-कादंबऱ्या, नाटक-सिनेमांतली उदाहरणं लिहायची. कोश सामायिक. म्हणजे कुणीही यावं, लिहावं, आणि दुसऱ्यानं येऊन ते खोडावं. पोरं शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळ्या करणारी. रात्रपाळीवाला लिहितो ते दिवसपाळीवाला पुसतो. आमचा पुतण्या यात आघाडीवर. गावातले एक निवृत्त मुख्याध्यापकही आहेत. त्यांना कुणी घेतलं नाही, ते आले.

नावाचा प्रश्न पोरखेळ नव्हे, हे मराठवाड्याला कुणी सांगायला नको. विधिमंडळानं 1978 साली ठराव केला आणि आमच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला 1994 उजाडलं. त्या मानानं हा कोश म्हणजे किस झाड की पत्ती. पण नाव चुकलं की माणूस सापडत नाही, तशी गोष्टही सापडत नाही.

पहिलंच नाव होतं ‘निरूपा रॉय’. खाली खुलासा : मुलांसाठी खस्ता खाणारी गरीब आई. मी म्हटलं, “बाळा, माझ्या आईला हे नाव सांगितलं असतं तर तिनं हात जोडले असते.” खरंच आहे. 1950 च्या आसपास ही बाई पौराणिक चित्रपटांत देवी व्हायची आणि लोक पडद्याला नमस्कार करायचे. पुढं ‘दीवार’मध्ये (1975) तिनं विटा वाहिल्या आणि ती सगळ्या देशाची आई झाली. म्हणजे एकच नाव, पण आईच्या पिढीला त्यातून पार्वती दिसायची, मला ‘दीवार’ दिसतो आणि पुतण्याच्या धाकट्या बहिणीला काहीच दिसत नाही. ती म्हणाली, “कोण रॉय? क्रिकेटवाला का?”

दुसरं नाव ‘माहेरची साडी’. 1991 चा हा सिनेमा पाहताना आमच्या भागातल्या बायकांनी पदरच्या पदर भिजवले, हे मला मान्य. पण छळ सोसणाऱ्या सुनेच्या समग्र तऱ्हेला ते नाव द्यायचं म्हणजे ज्यानं सिनेमा पाहिला नाही तो पैठणीचा भाव विचारणार. ‘सोशीक सून’ म्हणा ना. दोन शब्दांत सासूसकट सगळं घर उभं राहतं.

नटाचं, सिनेमाचं किंवा पात्राचं नाव तऱ्हेला देणं म्हणजे पाहुण्याला पत्ता सांगताना ‘जिथं पूर्वी लिंबाचं झाड होतं तिथं वळा’ म्हणण्यासारखं आहे. सांगणाऱ्याला झाड दिसत असतं. पाहुणा बिचारा जालन्याला पोचतो.

यावर मुख्याध्यापक खूश झाले आणि मी सावध झालो. त्यांनी सुचवलेल्या नावांची यादी खिशातच होती. हरवलेल्या भावांसाठी ‘वियुक्तबंधुपुनर्मीलन’. अंगठी, लॉकेट, खांद्यावरचा तीळ पाहून ओळख पटते त्यासाठी ‘चिन्हजन्य स्वजनप्रत्यभिज्ञा’. हे शब्द चुकीचे नाहीत. फक्त ते उच्चारेपर्यंत भाऊ पुन्हा हरवतील. कालिदासानं ही तऱ्हा नाटकाच्या नावातच घातली, ‘अभिज्ञान’ म्हणून. त्याच्या काळात ते चाललं, कारण त्याच्या प्रेक्षकांना संस्कृत येत होतं. आपल्याकडे ‘खूण पटणे’ हा इतका नेमका शब्दप्रयोग घरात असताना बाहेरून पाहुणा कशाला? मारुतीनं सीतेला दाखवली ती खुणेची अंगठी. दुष्यंताला माशाच्या पोटातून परत मिळाली तीही खुणेचीच.

हा रोग जुना आहे. सरकारनं 1962 साली ‘पदनाम कोश’ काढला तेव्हा अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं होतं. त्यातले कितीतरी शब्द आज आपण मुकाट्यानं वापरतो, हेही तितकंच खरं. मराठी विकिपीडिया 2003 पासून असाच दहा हातांनी लिहिला जातो आहे. तिथं सगळ्यांनी बसून चर्चा करायच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात आणि नवख्यानं हात साफ करायच्या पानाला ‘धूळपाटी’. ज्यानं ही नावं ठेवली त्याला मी ओळखत नाही, पण भेटला तर चहा पाजीन. तिथं कसं वागायचं हे एका शब्दात कळतं. आणि त्याच घरात, एका नावाच्या दोन गोष्टींतला घोळ मिटवणाऱ्या पानाला ‘निःसंदिग्धीकरण’ असं नाव आहे. घोळ मिटतो, पण जीभ अडकते.

मग पुतण्यानं कळीचा मुद्दा काढला. “काका, हरवलेल्या भावांना आम्ही ‘कुंभमेळा’ म्हटलंय. पण ते खोटं आहे.” पोरगं हुशार आहे. ‘वक्त’मध्ये (1965) कुटुंबाची ताटातूट होते भूकंपात. ‘यादों की बारात’मध्ये (1973) गुंडांच्या हल्ल्यानंतर. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये (1977) बागेत, गांधीजींच्या पुतळ्याखाली. तिन्ही गाजलेल्या सिनेमांत कुंभमेळा नाही! तरीही अख्खा देश ‘कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ’ म्हणतो, आणि ज्यानं यातला एकही सिनेमा पाहिला नाही त्यालाही ते कळतं. कारण गर्दीत पोर हरवतं हे त्याला ठाऊक असतं. मी निकाल दिला : नाव राहू द्या. खरं असलेलं पण न कळणारं नाव आणि खोटं असलेलं पण कळणारं नाव यांत, कोशापुरतं, मी दुसऱ्याच्या बाजूचा. फार तर ‘जत्रेत हरवलेले भाऊ’ करा, म्हणजे त्र्यंबकेश्वरापासून पैठणच्या नाथषष्ठीपर्यंत सगळ्यांची सोय होईल.

एका बाबतीत मात्र मी पोरांवर चिडलो. तमाशातल्या ‘बतावणी’ला त्यांनी ‘विनोदी संवाद’ केलं होतं आणि ‘मावशी’ला ‘स्त्रीवेषधारी विनोदी पात्र’. कळायला सोपं म्हणे! मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींतली मावशी म्हणजे पुरुष, हे न पाहिलेल्याला कळणार नाही, हे कबूल. पण ज्यांनी आयुष्य त्या फडात काढलं त्यांनी ठेवलेलं नाव आहे ते. गण, गवळण, बतावणी, वग ही नावं त्या धंद्याच्या मालकीची. खाली दोन ओळी खुलासा लिहा, नाव बदलू नका. हे माझ्याच आधीच्या म्हणण्याशी जुळत नाही, असं मुख्याध्यापक म्हणाले. नाही जुळत.

सगळ्यात मोठी गंमत शेजारच्या काकूंनी केली. वय ऐंशीच्या पुढं, श्रावणातल्या कहाण्या तोंडपाठ. पोरांनी त्यांच्याकडून कहाणी उतरवून घेतली होती. काकू विचारायला आल्या, “माझी नावडती कुठं ठेवली रे बाळा?” पुतण्या पाव तास शोधत होता. शेवटी ती ‘बहुपत्नीक कुटुंबातील मत्सर’ या नावाखाली सापडली. काकूंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “ही माझी नव्हं.”

आता बघा, कहाणीनं ते काम शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवलं आहे. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. गाव कुठलं? आटपाट नगर. राण्यांना विशेषनाम नाही, त्यांची कथेतली नोकरी हेच त्यांचं नाव. स्टिथ थॉम्सन या अमेरिकन पंडितानं 1932 ते 1936 मध्ये जगभरच्या लोककथांतल्या अशा तऱ्हांची मोठी सूची केली आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. दुष्ट सावत्र आई एस 31, शरीराबाहेर ठेवलेला जीव ई 710. क्रमांकाचा फायदा असा, की त्यावरून भांडण होत नाही. पण नातवाला झोपवताना ‘आज ई 710 सांगते’ असं कुठली आजी म्हणेल? ‘पोपटातला जीव’ म्हटलं की नातू उठून बसतो.

‘आवडती-नावडती’ हे नाव त्याच दिवशी लागलं. काकूंनी ते स्वतः बोट ठेवून वाचलं.

एका तऱ्हेचा निकाल मात्र अजून लागायचा आहे. नायक बांधलेला, पिस्तूल समोर, आणि खलनायक गोळी घालायचं सोडून भाषण करतो, तोवर पोलीस येतात. पुतण्या म्हणतो ‘मोगँबो’. मुख्याध्यापकांचा आग्रह ‘वधपूर्व वक्तृत्व’. आमची ही भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, “बोलत बसला नि मेला.” पोरांनी लगेच तेच लिहिलं.

‘नि’च्या जागी ‘आणि’ हवं, अशी दुरुस्ती त्याच रात्री कुणीतरी केली आहे. कुणी, ते सांगायला नको.