धुरावरून अग्नी, रक्तावरून हृदय?

रक्तातल्या डीएनएवर चिकटलेले मिथाइल गट मोजून हृदयविकाराची जोखीम सांगू, असा दावा हल्ली ऐकू येतो. पण तपासतात पांढऱ्या पेशी आणि आजार धमनीच्या भिंतीत! नैयायिक विचारतील, धूर-अग्नीसारखी व्याप्ती इथे कुठे आहे? एएचआरआर जनुकावरची खूण घ्या. सिगारेट ओढणाऱ्यांत तिथलं मिथाइल घटतं, सोडल्यावर हळूहळू भरून येतं. म्हणजे ही खूण अक्षरशः धुराची. डॉक्टरांपासून व्यसन लपवणाऱ्याच्या बाबतीत ती कामाची, हे आम्हाला मान्य. मात्र १९४८पासून चाललेल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाने वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही साधी मापं हाती दिलीच आहेत. त्यांच्यापलीकडे ही चाचणी काय सांगते, ते आधी दाखवा. मग पैसे मागा.