वाघनखांच्या पेटीवरील लेख व घराण्यांतील जुन्या वस्तूंची पारख

इसवी सन २०२४ च्या जुलै महिन्यांत लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें तीन वर्षांच्या मुदतीनें महाराष्ट्रांत आलीं व प्रथम साताऱ्यास लोकांच्या दर्शनार्थ मांडण्यांत आलीं. तीं पाहून आलेल्या आमच्या स्नेह्यांपैकीं ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें व शस्त्रें आहेत, अशा दोघातिघांनीं आम्हांस एकच प्रश्न केला : 'हीं खरीं आहेत काय?' त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेलाच असे : 'मग आमच्या घरची तलवार?' पहिल्या प्रश्नावर वृत्तपत्रांतून पुष्कळ शाई खर्च झाली. एका पक्षानें शंका घेणें हाच अपराध मानिला. दुसऱ्यानें विश्वास ठेवणें हा भाबडेपणा ठरविला. वस्तूबरोबर जो लेख आला आहे तो शब्दशः वाचून पाहण्याची तसदी मात्र थोड्यांनींच घेतली. आम्हांस त्या लेखाचेंच परीक्षण करावयाचें आहे. कारण आपल्या घराघरांतून परंपरागत वस्तूंची जी पारख चालते, तिचे बहुतेक गुणदोष त्या त्रोटक लेखांत एकत्र पाहावयास मिळतात.

हीं नखें ज्या पेटींत जतन केलीं होतीं, तिच्यावर इंग्रजी लेख आहे. त्याचा मतलब असा कीं, हें शिवाजीचें वाघनख असून यानेंच त्यानें मोगल सेनापतीस मारिलें. ईडनचे जेम्स ग्रँट-डफ साताऱ्यास रेसिडेंट असतां मराठ्यांच्या पेशव्याच्या मुख्य प्रधानानें ही वस्तु त्यांस दिली.

प्रथम नांव घ्या. १८१८ सालीं साताऱ्यास नेमला गेलेला अधिकारी जेम्स ग्रँट या नांवाचा होता. स्कॉटलंडांतील ईडनची मिळकत त्यास स्वदेशीं परतल्यावर, म्हणजे १८२५ च्या सुमारास, मिळाली व तेव्हांपासून तो आपल्या नांवापुढें डफ हें उपनांव लावूं लागला. साताऱ्यास असतां तो 'ईडनचा' नव्हता व 'डफ'हि नव्हता. तेव्हां हा लेख देणगीच्या वेळचा नव्हे. वस्तु समुद्रापार जाऊन कांहीं वर्षें लोटल्यावरचा आहे. संग्रहालयाचेंहि म्हणणें पेटी स्कॉटलंडांत तयार झाली असेंच आहे. शाहूकालीन म्हणून पुढें आलेल्या महजरांत एखाद्या गृहस्थास पुढें मिळालेला किताब आधींच चिकटविलेला दिसला, तर आपण त्या कागदाकडे ज्या नजरेनें पाहतों, तीच नजर येथेंहि ठेविली पाहिजे.

दुसरें व्यंग अधिक बोलकें आहे. अफझलखान हा मोगलांचा सेनापति नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा. शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध ७ (१० नोव्हेंबर १६५९) रोजीं प्रतापगडाखालीं जें घडलें, त्याचें वर्णन स्वतः ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत केलें आहे व तेथें खान विजापूरचा हें त्यास पक्कें ठाऊक आहे. ज्यानें तीन भाग इतिहास लिहिला, तो आपल्याच पेटीवर अशी चूक करील हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. लेखाचा मजकूर त्याच्या हातचा नसून, घरांत ऐकलेली गोष्ट कोणी तरी मागाहून लिहविली असावी, असा आमचा तर्क आहे. घरांतील माणूस गोष्ट लक्षांत ठेवितो, परंतु आदिलशाही व मोगलाई यांतील भेद त्याच्या स्मरणांत राहत नाहीं. आपल्याकडेहि जुनी कोणतीहि लढाई 'मोगलांशीं' झालेली असते.

तिसरें, देणारा. मराठी राज्यांत मुख्य प्रधान म्हणजे खुद्द पेशवा. त्याच्या मुद्रेंतच तो शब्द आहे. पेशव्याचा मुख्य प्रधान म्हणजे मुख्य प्रधानाचा मुख्य प्रधान झाला! इंग्रज लेखकाच्या मनांत कारभारी असावा, हें उघड आहे. पण कोणता? मोरो दीक्षित ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईंत पडला. त्रिंबकजी डेंगळे १८१८ सालीं पकडला जाऊन चुनारच्या किल्ल्यांत बंदिवान झाला. बाजीराव स्वतः त्याच वर्षाच्या जून महिन्यांत मालकमच्या स्वाधीन होऊन ब्रह्मावर्तास गेला. शिवाय साताऱ्यास ग्रँटचा नित्य संबंध प्रतापसिंह छत्रपतींशीं. असली वस्तु छत्रपतींच्या घरून न येतां पेशव्यांच्या कारभाऱ्याकडून कां यावी, याचा उलगडा लेखांत नाहीं.

आणि या सर्वांहून मोठें खिंडार १६५९ व १८१८ यांच्या मधलें. एकशें एकोणसाठ वर्षांत ही वस्तु कोठें होती, यास आधार नाहीं. मध्यंतरीं १६८९ सालीं रायगड मोगलांच्या हातीं गेला, हें विसरून चालत नाहीं. अफझलखानाच्या वेळचीं हींच नखें असें निश्चयानें सांगतां येत नाहीं, असें संग्रहालयानेंच प्रामाणिकपणें नमूद केलें आहे. त्या कबुलीबद्दल त्यास दोष देणारांनीं आपल्या घरच्या तलवारीखालीं कोणती पाटी लाविली आहे, तें एकदां पाहावें.

मग ही वस्तु कवडीमोल ठरते काय? मुळींच नाहीं. मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास लिहिणाऱ्या मनुष्याच्या घरीं ती होती, शिवाजीमहाराजांची म्हणून तिथें मानिली जात होती, व त्या घराण्याकडून ती संग्रहालयांत आली, इतकी परंपरा तिला आहे. घराण्याची दंतकथा वस्तूच्या जन्माचा पुरावा नव्हे. परंतु त्या घराण्यानें अमुक काळीं काय मानिलें याचा ती उत्तम पुरावा असते. या दोहोंची गल्लत झाली कीं पारख बिघडते व तिच्यामागून किंमतहि बिघडते.

आतां आपल्या घरांकडे वळूं. देशावर ज्या ज्या जुन्या घरीं तलवार आहे, त्यांपैकीं निम्म्या घरांत ती महाराजांनीं दिलेली असते. पातें उघडून पाहावें तों त्यावर रोमी अक्षरें! मालक थोडा बिचकतो. वस्तुतः त्यांत बिचकण्यासारखें कांहीं नाहीं. फिरंग म्हणजेच परदेशी पात्याची तलवार. तीं पातीं गोवा व इतर बंदरांतून येत व मूठ येथें बसविली जाई. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहांतील जी तलवार १८७५-७६ सालीं कोल्हापूरहून प्रिन्स ऑफ वेल्स यास नजर झाली, तिचेंहि पातें युरोपी आहे. परंतु पात्यावरील नांवावरून काळ ठरविणें धोक्याचें. 'आंद्रेआ फेरारा' हें इटालियन कारागिराचें नांव जर्मनींतील झोलिंगेन येथील लोहारांनीं शेंकडों पात्यांवर ठोकलें. अर्धचंद्राकृति दांतेरी चिन्हाची नक्कल तर आपल्याच लोहारांनीं केली. पातें एका शतकाचें, मूठ दुसऱ्याची, म्यान परवांचें, असा प्रकार नेहमींचा आहे. म्हणून या तिन्ही अंगांचा काळ स्वतंत्रपणें पाहावा लागतो, आणि तरीहि तलवार कोणाची हें तलवार सांगत नाहीं. तें कागद सांगतो.

येथें आम्हांस आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणें प्राप्त आहे. नीरेच्या खोऱ्यांतील एका घराण्यानें आम्हांस अशीच एक फिरंग दाखविली. प्रतापगडच्या युद्धांत मूळपुरुषानें पराक्रम केला म्हणून ती मिळाली, अशी घरची कथा. माळ्यावर खारव्यांत बांधलेले चार रुमाल होते. 'त्यांत नुसते हिशेब आहेत' म्हणून ते आम्हांस मोठ्या नाखुशीनें दाखविण्यांत आले. तिसऱ्या रुमालांत शिलेखान्याची एक याद निघाली. सन इसन्ने सितैन मया व अलफ. म्हणजे सुहूर ११६२, इसवी सन १७६१-६२. घरचा कर्ता पुरुष आदल्या वर्षीं पानपतावर पडला होता व त्याचीं हत्यारेंहि तिकडेच गेलीं होतीं. त्याच्या मुलास चाकरीवर जावयाचें म्हणून कर्ज काढून एक फिरंग विकत घेतली व तिला नवी मुल्हेरी मूठ बसविली, असा त्या यादींतील मजकूर होता. पात्याचें माप तिच्यांत दिलें होतें. तें भिंतीवरील तलवारीशीं तंतोतंत जुळलें.

आमच्या मतें त्या घरास याहून मोठें वैभव मिळणें शक्य नव्हतें. बाप पानपतावर पडला व वर्षाच्या आंत पोरगा कर्जाऊ तलवार कमरेस लावून पुन्हां निघाला! पण घरच्या वडिलांचा चेहरा उतरला. 'म्हणजे विकतची म्हणा कीं,' एवढेंच ते बोलले. आम्हीं पुढील खेपेस नक्कल करून घेऊं म्हणून उठलों. पुढील खेप सात महिन्यांनीं झाली. तलवार भिंतीवर होती, तिच्याखालीं महाराजांच्या देणगीची पाटी नवीन रंगविलेली होती, व चारी रुमाल रद्दींत गेले होते. आज त्या तलवारीविषयीं आम्हीं जें वर लिहिलें, त्यास आमच्या स्मरणावांचून आधार नाहीं. आमचा हा परिच्छेद म्हणजे आणखी एका पेटीवरील मागाहून लिहिलेला लेखच होय. वाचकांनीं त्यास तितकीच किंमत द्यावी.

हिशेबाचे रुमाल जाण्याचा दोष केवळ मालकांवर टाकणें अन्यायाचें होईल. आमच्याच पूर्वसूरींनीं राजकारणी पत्रें निवडून छापलीं व जमाखर्च, यादी, रोजकीर्दी 'निरुपयोगी' म्हणून बाजूस सारल्या. मालकानें तोच धडा घेतला. रुमाल सोडून त्यांतील चार 'चांगले' कागद उचलणारा संशोधक व पातें ठेवून मूठ विकणारा दलाल यांत फारसा फरक नाहीं.

सनदांची गोष्ट वेगळी. तेथें दंतकथेहून लबाडीची भीति अधिक. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर इनामदारांची त्रेधा उडाली व ज्यांजवळ अस्सल नव्हते त्यांपैकीं कित्येकांनीं तें तयार केलें. अशा कागदांस आज दीडशेंहून अधिक वर्षें झालीं आहेत. कागद जुना दिसतो तो खरोखरच जुना असतो! १९७२ च्या कायद्यानें वस्तूस शंभर व ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें झालीं कीं तें पुरावस्तूंत मोडतें. त्या हिशेबानें हें बनावट कागदहि पुरावस्तु ठरावयास वयाची अडचण नाहीं. त्यांची परीक्षा शाईच्या रंगानें होत नाहीं. कागद उजेडाशीं धरून विलायती गिरणीचें जलचिन्ह व साल दिसतें काय, हें पाहावें. राज्याभिषेक शक १६७४ पूर्वींच्या पत्रांत आला आहे काय, हें पाहावें. पेशव्यांच्या मुद्रेंत छत्रपतींचें व पेशव्याचें अशीं दोन्ही नांवें असतात. दोन्ही त्या तारखेस जुळलीं पाहिजेत. सुहूर सन व तिथि यांचा मेळ बसला पाहिजे. आणि पुष्कळदां कागद बनावट नसून केवळ नक्कल असतो, घरच्यांनीं ती अस्सल मानिलेली असते. नक्कल म्हणून तिचें मोल पुष्कळ आहे; अस्सल नष्ट झालें असेल तर तिच्यावांचून गत्यंतरच नाहीं.

बायकांच्या पेटींतील वस्तूंकडे तर कोणी इतिहास म्हणून पाहतच नाहीं. पुतळ्यांच्या माळेंतील पुतळी हें मूळचें व्हेनिसचें सोन्याचें नाणें, वजन सुमारें साडेतीन ग्रॅम. एका बाजूस संत मार्कापुढें गुडघे टेकलेला तेथील डोज, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयांत ख्रिस्त. आपल्या आजींनीं त्यांत आपले देव पाहिले व गळ्यांत घातले. कडेनें डोजचें नांव असतें, त्यावरून काळ निघतो. १७९७ सालीं तें राज्य लयास गेलें. अक्षरें निरर्थक असतील तर पुतळी येथील सोनारानें पाडलेली समजावी, व तीहि टाकाऊ नव्हे. सराफ मात्र दोहोंस एकाच ताजव्यांत घालतो व मुशींत टाकतो. मोडीचा भाव रोज छापून येतो. या माळा त्या भावानें किती गेल्या त्याचा हिशेब कोणाच्याच रोजकीर्दींत सांपडावयाचा नाहीं.

वाघनखांच्या बाबतींत पुरावा यावयाचा असेल तर तो पेटीवरून येणार नाहीं. कंपनीच्या नोकरांनीं देणग्या घेण्यास १७७३ च्या कायद्यानें बंदी होती. म्हणून नजरनजराण्यांची नोंद हा नाजूक विषय असे. ग्रँटच्या सातारच्या कारकीर्दीचे इंग्रजी कागद व छत्रपतींच्या शिलेखान्याच्या यादी समोरासमोर ठेवून कोणी तरुण अभ्यासकानें पाहाव्या. तेथें एक ओळ निघाली तरी आजवरच्या सर्व वृत्तपत्री वादाहून ती वजनदार ठरेल.

जातां जातां एक विनंती. वर सांगितलेले चार रुमाल तांबड्या खारव्याचे असून, तिसऱ्याच्या गांठीशीं ताडपत्राची लहानशी चकती होती. रद्दीवाल्यांकडून मोडी कागद विकत घेणारे पुष्कळ संग्राहक या त्रैमासिकाचे वाचक आहेत. सुहूर ११६२ ची शिलेखान्याची याद, पात्याच्या मापासह, कोणाच्या संग्रहीं आली असल्यास त्यांनीं ती विकत मागितली जाईल अशी भीति न बाळगतां फक्त नक्कल पाठवावी.