अजिंठ्याची दृष्टी आणि इनामगावचे घर : डॉ. म. के. ढवळीकर यांच्या विद्याकार्याची चिकित्सा

डॉ. मधुकर केशव ढवळीकर (१९३०–२०१८) यांचा जन्म दौंड तालुक्यातील पाटसचा, आणि त्यांचे नाव ज्या उत्खननाशी कायमचे जोडले गेले ते इनामगाव शेजारच्या शिरूर तालुक्यातले. पुरातत्त्वज्ञ म्हणून त्यांची ख्याती मोठी आहे. कलेतिहासकार म्हणून त्यांचा विचार त्या मानाने कमी झाला. दोन्ही विषयांच्या अभ्यासकांना ही विभागणी सोयीची वाटते, पण तिच्यामुळे इनामगावच्या अन्वयार्थाचे बळ कळत नाही आणि त्यातील दोषही कळत नाही. हे दोन्ही एकाच ठिकाणाहून आले आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, त्यानंतर अल्पकाळ नागपूर विद्यापीठ आणि पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज असा त्यांचा प्रवास झाला. डेक्कन कॉलेजचे संचालकपद भूषवून ते १९९० मध्ये निवृत्त झाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

‘अजंता : अ कल्चरल स्टडी’ हा त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. अजिंठ्याच्या चित्रांची रेषा, रंग आणि शैली यांवर जगभर लिहिले गेले होते. जपानमधील होर्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांशी त्यांची तुलनाही वारंवार झाली होती. ढवळीकरांचा रोख वेगळा होता. भिंतीवरील राजवाडे, वस्त्रे, अलंकार, भांडी, आसने, वाद्ये यांना त्यांनी तत्कालीन जीवनाचे दप्तर मानले. चित्र कोणी व कसे काढले यापेक्षा त्यातील माणसे कशी राहत होती, हा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटला.

शैलीविचार त्यांना वर्ज्य होता, असे मात्र नाही. वेरूळचे कैलास लेणे अनेक राष्ट्रकूट राजांच्या कारकिर्दीत टप्प्याटप्प्याने झाले, असे मत हरमान गोएट्झ यांनी मांडले होते. ढवळीकरांनी १९८२ मधील लेखात त्याला छेद दिला. मुख्य मंदिर, गोपुर, नंदिमंडप, खालच्या थरातील हत्ती व सिंह, अंगणातील हत्ती आणि स्तंभ हे सारे पहिल्या कृष्णाच्या काळातील, असे त्यांनी दाखविले. त्याच वेळी, कैलास हलविणाऱ्या रावणाचे प्रसिद्ध शिल्प मात्र काही दशकांनी नंतरचे असावे, हे लंकेश्वर लेण्यातील शिल्पांशी तुलना करून त्यांनी मान्य केले. आपल्या सिद्धान्तात न बसणारा पुरावा झाकून न ठेवण्याची ही सवय ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इनामगाव घोड नदीच्या काठी आहे. १९६८ पासून पुढे सुमारे दीड दशक डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. सांकलिया आणि अन्सारी यांच्यासह ढवळीकरांनी सिद्ध केलेला अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे वसाहतीचे तीन कालखंड असून ते साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० पर्यंतचे आहेत. शंभराहून अधिक घरे उघडी झाली. एखादा खड्डा घेऊन खापरांचा क्रम लावण्याच्या रूढ पद्धतीऐवजी येथे वस्तीचा विस्तृत भाग खणला गेला. त्यामुळे कुंभार, सोनार यांसारखे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला आणि संपन्न घरे मध्यभागी, अशी रचना दिसू शकली. मधल्या पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचे कोठार होते. याच घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसविलेल्या पुरुषाचे दफन मिळाले. ढवळीकरांनी त्यावरून गावप्रमुखाची, आणि पुढे प्रमुखसत्ताक समाजाची संकल्पना मांडली. दौंड तालुक्यातील वाळकीची छोटी शेतवस्तीही त्यांनी याच उतरंडीत बसविली : प्रादेशिक केंद्र इनामगाव, त्याच्या आश्रयाला वाळकी.

ही मांडणी वाचताना अजिंठ्याची आठवण होते. चित्रात राजा कोण आणि सेवक कोण हे चित्रकारानेच ठरविलेले असते. आकार, स्थान, आभूषणे यांतून तो ते सांगतो. पांढरीच्या टेकाडात अशी मांडणी कोणीही करून ठेवलेली नसते. मोठे घर म्हणजे अधिकार, कोठार म्हणजे कर, हे अनुमान शक्य आहे. पण कोठार सामाईक असू शकते आणि मोठे घर मोठ्या कुटुंबाचे असू शकते. ढवळीकरांनी येथे चित्र वाचण्याची रीत वापरली. त्यामुळे इनामगाव जिवंत झाले, पण पर्यायी वाचनाला जागा फार थोडी उरली.

हवामानाच्या प्रश्नात ही अडचण अधिक स्पष्ट होते. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात आणि शेवटी गाव ओस पडते. इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊस घटला आणि त्यातून ही अवनती झाली, असे ढवळीकरांचे स्पष्टीकरण होते. पुणे जिल्ह्याच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात ते लगेच पटते, किंबहुना ते गरजेपेक्षा लवकर पटते. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मधील ग्रंथात इनामगावच्या बालकांच्या अस्थींचा अभ्यास करून त्याची चिकित्सा केली. मुलांची वाढ खुंटल्याचे त्यांनाही आढळले, म्हणजे हलाखी खरी होती. मात्र नेमक्या त्या काळी पर्जन्य घटल्याच्या गृहीतकाला नव्या पुराहवामान अभ्यासातून आधार मिळत नसल्याचे त्यांनी दाखविले. जमिनीवरचा वाढता ताण हे कारण त्यांना अधिक संभाव्य वाटले. महाविद्यालयीन वर्गांत दुष्काळाची उपपत्ती आजही निर्विवाद सत्य म्हणून सांगितली जात असेल, तर तो अध्यापनातील दोष होय.

ही चिकित्सा शक्य झाली ती ढवळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या नोंदींमुळे. प्रत्येक दफन कोणत्या थरात, कोणत्या घराखाली, हे अहवालात आहे. जमिनीखाली झाकणाच्या मातीच्या पेटीत मिळालेली शीर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल यांचीही अशीच तपशीलवार नोंद झाली. प्रौढांच्या दफनात घोट्याखालून तोडलेले पाय आणि तोंडाशी तोंड जोडलेल्या दोन कुंभांत पुरलेली मुले यांविषयी ढवळीकरांचे स्पष्टीकरण न स्वीकारणाऱ्या अभ्यासकालाही सुरुवात त्याच पानांपासून करावी लागते.