आपलं घर, आमचं घर : चेन्नईतल्या एका आठवड्याचं वाचन

डिसेंबरच्या अखेरीस मी चेन्नईत सात दिवसांच्या एका ‘सांस्कृतिक सप्ताहा’ला नाव नोंदवलं होतं. कार्यक्रम छापून हातात दिलेला. सकाळी सहाला मयिलापूरच्या कपालीश्वर देवळाभोवतीच्या माडवीथींतून फेरी, मग दीड तास तमिळचा वर्ग, दुपारी कधी स्वयंपाक, कधी कोलम, कधी भरतनाट्यमची तोंडओळख, एक दिवस मुट्टुकाडूला दक्षिणचित्र, आणि रोज संध्याकाळी एखाद्या सभेत कच्चेरी. (सभा म्हणजे इथे गाणं ऐकवणारी संस्था.) हा साचा जगभर रुळलेला आहे. मेक्सिकोतल्या ओआहाका किंवा सान मिगेल दे आयेंदे या शहरांत परदेशी माणसं अशीच आठवडाभर राहतात. सकाळी स्पॅनिश, दुपारी मोले शिजवायला शिकणं, संध्याकाळी जुन्या गल्ल्या. परतताना थोडी क्रियापदं आणि एक विणलेला रुमाल बरोबर असतो.

अशा आठवड्याची चेष्टा करणं सोपं आहे आणि तुलनात्मक साहित्य शिकलेल्या माणसाला तर ते फारच सोपं. पण ती चेष्टा करायचा अधिकार मला नव्हता. मी तमिळ कथांचे मराठी अनुवाद करते, आणि मला तमिळ येत नाही. इंग्रजी अनुवादावरून मराठी करते. तळटीपेत ‘इंग्रजीवरून’ असं प्रामाणिकपणे छापते आणि त्या एका शब्दात माझी जबाबदारी संपली असं समजते. एका आठवड्यात संस्कृती कळते असं सांगणारी ती पत्रिका आणि भाषेवाचून कथा कळते असं मानणारी मी, यांत फरक किती? म्हणून हा आठवडा एखाद्या पुस्तकासारखा वाचायचा मी ठरवलं. त्याला प्रकरणं आहेत, निवेदक आहे, काय घ्यायचं आणि काय गाळायचं याची निवड आहे.

परक्या प्रदेशाविषयी लिहिण्याच्या दोन तऱ्हा माझ्यासमोर होत्या. मेक्सिकोचा कवी ओक्तावियो पास १९६२ ते १९६८ अशी सहा वर्षं भारतात राजदूत होता. भारतावरचं त्याचं पुस्तक आलं १९९५ साली, आणि सहा वर्षं राहूनही त्यानं त्याला नाव दिलं ते अंधुक उजेडात दिसलेल्या ओझरत्या दर्शनांचं. त्याच पुस्तकात तो मोले आणि आपली करी यांच्यातलं साम्य रंगून सांगतो. दुसरी तऱ्हा आपल्या पुलंची. पन्नाशीच्या सुमारास हा माणूस बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिला आणि त्यातून ‘वंगचित्रे’ झालं. मला त्या पुस्तकात सर्वांत मोलाचं वाटतं ते बंगालचं वर्णन नव्हे, तर नामवंत लेखकानं पुन्हा विद्यार्थी होणं. चुकणारा माणूस तिथं निवेदक आहे. छापील सप्ताहात चुकायला जागा ठेवलेली नसते. त्यात पाहुणा कायम ‘अनुभव घेत’ असतो.

पहिली तक्रार त्या निवेदनाबद्दलच. नृत्याच्या वर्गात सांगितलं गेलं की ही कला दोन हजार वर्षं जशीच्या तशी चालत आली. हात कसे धरायचे ते शिकवणारी मुलगी गुणी होती, इतिहास मात्र पाठ केलेला होता. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा आजचा क्रम बसवण्याचं श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांना दिलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते तंजावरच्या दरबारी होते, आणि त्या गादीवर होते सरफोजी भोसले. सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत आणि ती तंजावरच्या सरस्वती महालानं छापलेलीही आहेत. ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ झालं १९३०च्या दशकात. ज्या घराण्यांतल्या स्त्रियांनी ही कला सांभाळली, त्यांना देवळात वाहण्याची प्रथा मद्रासच्या १९४७च्या कायद्यानं बंद केली, आणि तोवर कला दुसऱ्या घरांत जाऊन प्रतिष्ठित झाली होती. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. ‘दोन हजार वर्षं’ म्हटलं की ही सगळी माणसं नाहीशी होतात.

गाळणं इतरत्रही होतंच. बेझंटनगरजवळच्या ऊरूर ऑलकॉट कुप्पम या कोळीवाड्यात २०१५पासून टी. एम. कृष्णा आणि त्यांच्या सोबत्यांनी एक उत्सव सुरू केला. सभांमधलं गाणं आणि सभांना न चालणारं गाणं तिथं एका मंचावर आलं. आमची फेरी मयिलापुरातच फिरली, समुद्राकडे वळली नाही.

स्वयंपाकाच्या वर्गात वेगळी गंमत झाली. मी मराठी आहे हे कळताच सांबाराची कथा आली. तंजावरला शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, आमटीत चिंच घातली, पाहुणे संभाजीराजे खूश झाले, म्हणून सांबार. दंतकथा गोड आहे, पण तिच्यामागे समकालीन पुरावा कुणी ठेवत नाही. शिवाय मी वऱ्हाडातली. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मी तसं म्हटलं तर वर्गात हशा पिकला आणि बाईंनी कढीलिंबाची फोडणी दिली. मनात आलं, या शहाजीराजांबद्दल सांगण्यासारखं खरं कितीतरी आहे. व्यंकोजींचा हा मुलगा १६८४ साली गादीवर आला. त्यानं ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक रचलं, ज्यात पात्रं संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी बोलतात. विष्णुदास भावे यांचं ‘सीतास्वयंवर’ १८४३चं, म्हणजे त्याच्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. एका राजानं पाच भाषा एका रंगमंचावर उभ्या केल्या आणि आपण त्याच्या आठवणीसाठी पळीभर सांबार निवडलं.

आता कच्चेरी. तिसऱ्या संध्याकाळी एका छोट्या सभेत मुख्य रागविस्तार, तनि आवर्तन सगळं आटोपलं आणि शेवटचे हलके प्रकार सुरू झाले. त्यांना इथे ‘तुक्कडा’ म्हणतात, म्हणजे आपला तुकडाच. त्यात नामदेवांचा एक अभंग आला. चेन्नईच्या कच्चेरीत अभंग ही आता नवलाई राहिलेली नाही. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री या भगिनी यांनी तो इथल्या श्रोत्यांच्या ओठी बसवला. त्याआधीही वाट होतीच. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला येत, आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या कीर्तनाची कर्नाटक संगीताशी सांगड घालून तमिळ हरिकथा घडवली. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सगळे साचे त्या कथेत शिरले.

हे मला ठाऊक होतं. तरीही गायिकेनं ‘विठ्ठल’मधला ठ ट-सारखा उच्चारला तेव्हा मी कपाळाला आठी घातली. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक मामी बसल्या होत्या. त्यांनी ती आठी पाहिली आणि मराठीत विचारलं,

“का ग, आपल्याकडे ही चाल नाही?”

मी म्हटलं, “नाही मामी, आमच्याकडे वेगळी आहे.”

त्या हसल्या आणि ताल धरू लागल्या. नंतर सभेच्या कँटीनमध्ये कॉफी घेताना कळलं की त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. आजी मोडी लिहायची. मामी स्वतः घरात मराठी बोलतात आणि वाण्याची यादीही मराठीतच करतात, पण तमिळ लिपीत. मी विचारलं, तमिळ लिपीत ठ कसा लिहिता? “ट लिहायचा, ठ वाचायचा,” त्या म्हणाल्या. “आपल्या घरातलं असलं म्हणजे कळतं.”

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच समोर आलं. तमिळमध्ये एक ‘क’. क, ख, ग, घ या चौघांचं काम तो एकटा करतो आणि कुठे काय वाचायचं हे शब्दातल्या जागेवरून ठरतं. बाहेरून आलेल्या शब्दांतला ठ मात्र लिपीत कुठेच उमटत नाही. म्हणजे ती गायिका बेफिकीर नव्हती. बहुधा तिच्या वहीत तो ठ नव्हताच. आणि मग शिक्षिकेनं मला मार्गऴी म्हणायला लावलं. मराठीत आपण ‘मार्गळी’ म्हणून मोकळे होतो. हा ऴ आपल्या ळपेक्षा मागे, जीभ कुठेही न टेकवता काढायचा. सात प्रयत्न झाले. आठव्याला शिक्षिका फार सभ्यपणे म्हणाल्या, “पुढे जाऊ या.”

पुढे होती सर्वनामं. ‘नान्’ म्हणजे मी. ‘नाम्’ म्हणजे आपण, ऐकणारा धरून. ‘नांगळ्’ म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बाकीच्यांना हा भेद समजायला वेळ लागला. दोन वेगळे ‘वुई’ कशाला हवेत, असं एकानं विचारलंही. मला क्षणात कळलं, कारण तो माझ्या भाषेत आहे. आणि लगेच पोटात गोळा आला.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात माझा तमिळ कथेचा अनुवाद छापून आला होता. त्यात नव्या सुनेला सासू एक वाक्य सांगते. इंग्रजीत ते ‘आवर हाउस’ असं होतं. मी लिहिलं होतं, “आमच्या घरात हे चालत नाही.” त्या एका शब्दावर मी पुढची सासू उभी केली होती. तिचे छोटे छोटे आवाज तुटक केले होते, तिच्या ‘अगं’ला धार दिली होती. खोलीवर येऊन मी ओळखीतल्या एका तमिळ वाचकाला फोन केला. मूळ पुस्तक त्यांच्याकडे होतं. त्यांनी वाक्य वाचून दाखवलं. ‘एंग वीट्टुल’ नव्हतं, ‘नम्म वीट्टुल’ होतं. आपल्या घरात.

म्हणजे सासू सुनेला बाहेर काढत नव्हती, आत घेत होती. कदाचित ती आत घेण्यातच अडकवत होती, आणि ते अधिक भयंकर आहे. कथा तिथं होती. तमिळला तो भेद करता येतो, मराठीलाही करता येतो, मधल्या इंग्रजीला येत नाही. दोन शेजारणींनी एकमेकींना काही सांगायचं आणि निरोप्यानं नेमका तोच शब्द गिळायचा, असं झालं होतं. पण निरोप्या मीच बोलावला होता.

रात्री झोपताना मामींचं वाक्य आठवलं. त्यांनी ‘आपल्याकडे’ म्हटलं होतं. मी उत्तर दिलं होतं ‘आमच्याकडे’. तंजावरात मराठी रुजून तीनशे चाळीसहून अधिक वर्षं झाली. त्या भाषेनं मला आपल्यात धरलं होतं आणि मी एका ठ-साठी तिला दाराबाहेर ठेवलं. अनुवादात सासूच्या तोंडी मी जे घातलं, ते माझ्याच जिभेवर आधीपासून होतं. दोष सगळा इंग्रजीच्या माथी मारून चालणार नाही. संदिग्ध जागी अनुवादक जे भरतो, ते त्याच्या स्वतःच्या घरातलं असतं.

शेवटच्या दिवशी दक्षिणचित्रला गेलो. १९९६ साली उघडलेल्या या संग्रहालयात दक्षिणेतली जुनी घरं मूळ जागेवरून उतरवून इथं पुन्हा उभी केली आहेत. चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचं घर आहे, केरळमधलं सीरियन ख्रिस्ती घर आहे, इळकलच्या विणकराचं घर आहे. त्या इळकलच्या लुगड्याला आमच्या आया इरकल म्हणत. अशा घराचा एकेक खांब, एकेक तुळई कुठली ते सुतार टिपून ठेवतो, म्हणून तिकडचा दरवाजा इकडे बसतो. पाहताना मला हेवा वाटला. माझ्या कामात मी खांब पाहिलेच नव्हते. कुणीतरी घराचं छायाचित्र दिलं आणि मी त्यावरून घर बांधलं. अर्थात या घरांतही आता कुणी राहत नाही आणि चुलीवर काही शिजत नाही. नेमकेपणानं हलवलेलं घरही राहतं घर होत नाही. तरी नेमकेपणा नसेल तर पुढचं काही बोलायचीही सोय राहत नाही.

तर हा सात दिवसांचा ग्रंथ कसा आहे? त्याचा निवेदक विश्वासार्ह नाही, इतिहासाची प्रकरणं गुळगुळीत आहेत, समुद्रकाठची वस्ती गाळलेली आहे. मी तरीही तो वाचायची शिफारस करीन, पण त्यातल्या भाषेच्या वर्गासाठी आणि मोकळ्या दुपारींसाठी. आठवड्यात तमिळ येत नाही. तमिळवाचून चालतं हा समज मात्र आठवड्यात जाऊ शकतो. छापील पत्रिकेत हा लाभ लिहिलेला नाही, कारण तो विकता येत नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांना मी दुरुस्ती कळवली. अंक केव्हाच संपला होता आणि शुद्धिपत्र पुढच्या दिवाळीला छापायची रीत नाही. म्हणून ती इथे नोंदवते : ‘आमच्या’च्या जागी ‘आपल्या’ असं वाचावं, आणि त्यानंतरची सासू पुन्हा वाचावी. जानेवारीपासून मी आठवड्यातून दोनदा तमिळ शिकते आहे. ऴ अजून येत नाही.