गर्भपातविषयक दृष्टिकोन आणि स्त्रियांचे अर्थार्जन : एक चिकित्सा

क्रिस्टिन लूकर यांचा ‘अ‍ॅबॉर्शन अँड द पॉलिटिक्स ऑफ मदरहूड’ (१९८४) हा ग्रंथ कॅलिफोर्नियातील गर्भपातसमर्थक व विरोधक कार्यकर्त्यांच्या मुलाखतींवर आधारलेला आहे. समर्थक स्त्रिया बहुतांशी उच्चशिक्षित व नोकरदार, तर विरोधक प्रामुख्याने गृहिणी होत्या. त्यामुळे हा वाद भ्रूणाइतकाच मातृत्वाच्या प्रतिष्ठेचाही ठरतो, हे लूकर यांचे प्रतिपादन मौलिक आहे. मात्र नोकरीमुळे मत घडते, की धर्मश्रद्धा दोन्ही ठरविते, याचा निर्णायक उलगडा अशा मुलाखतींतून होत नाही. शिवाय कार्यकर्त्या म्हणजे सर्वसामान्य स्त्रिया नव्हेत. १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल २०२२ मध्ये रद्द झाला, तेव्हा अमेरिकेतील निम्म्याहून अधिक प्रौढ स्त्रिया श्रमबाजारात होत्या. तात्पर्य, अर्थार्जनाने दृष्टिकोन बदलला तरी हक्क आपोआप सुरक्षित होत नाही.