नायट्रस ऑक्साइड, तिरळेपणा आणि वांतीचा प्रश्न

तिरळेपणावरील शस्त्रक्रियेनंतर मुलांना वांत्या होतात, हे भूलशास्त्राच्या अभ्यासकांस नवे नाही. २००४ साली एबरहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांमधील वांतीचा धोका वर्तविण्यासाठी चार निकष मांडले. त्यांत नावानिशी आलेली शस्त्रक्रिया हीच एक. उरलेले निकष म्हणजे तीन वर्षे वा अधिक वय, अर्धा तास वा अधिक चाललेली शस्त्रक्रिया आणि मुलाचा वा निकटच्या आप्तांचा पूर्वेतिहास. चारही जुळल्यास धोका शेकडा ७०च्या घरात जातो.

या वांतीचा दोष पुष्कळदा नायट्रस ऑक्साइडच्या माथी मारला जातो. (हास्यवायू हे त्याचे लोकप्रिय नाव या संदर्भात क्रूरच वाटते.) आधार दिला जातो तो बहुधा आप्फेल प्रभृतींच्या २००४ मधील प्रयोगाचा. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या अभ्यासात हा वायू वगळल्याने धोका सुमारे शेकडा १२ने घटला. प्रयोग उत्तम आहे. परंतु त्यातील रुग्ण प्रौढ होते. प्रौढांवरून काढलेले प्रमाण नेत्रस्नायू ओढला गेलेल्या पाच वर्षांच्या मुलास जसेच्या तसे लावणे हे अनुमान झाले, सिद्धता नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पेटन व वू यांनी २०१४ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार या वायूचा वांतीवरील परिणाम भुलेच्या कालावधीवर अवलंबून असतो; तासाभराच्या आत तो नगण्य ठरतो. एकदोन स्नायूंची शस्त्रक्रिया पुष्कळदा तेवढ्या वेळात उरकते. मग ज्या निबंधांत भुलेचा कालावधी व हाताळलेल्या स्नायूंची संख्या यांची नोंदच वेगळी केलेली नाही, त्यांच्या निष्कर्षांवर कितपत विसंबावे?

वायूऐवजी प्रोपोफॉल वापरावे, हा सल्लाही निर्धोक नाही. स्नायू ओढला असता त्रिमूल मज्जातंतूमार्गे संवेदना मेंदूत जाते आणि प्राणेशा मज्जातंतूमुळे हृदयगती मंदावते. १९०८ मध्ये अॅश्नर व डॅग्निनी यांनी स्वतंत्रपणे वर्णिलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया प्रोपोफॉलखाली अधिक वेळा दिसते, हे ट्रामेर यांनी १९९५ मध्येच निदर्शनास आणले होते. वांती टाळण्याच्या हिशेबात हा खर्च मांडला जात नाही, ही या वाङ्मयातील उणीव होय.

शिवाय बहुतेक प्रयोग मुलांच्या वांत्या तेवढ्या मोजतात. मळमळ शब्दांत सांगू न शकणारे तीन वर्षांचे मूल अन्न नाकारून भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आणि तक्त्यात त्याची नोंद ‘त्रास नाही’ अशी होते.